शाळेत पोर येईना, म्हणून शाळाच पोराच्या अंगणात नेली : ताराबाई मोडक यांची गोष्ट

अंगणवाडी हा शब्द आता आपल्या तोंडात इतका बसलाय की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही. सेविका, मदतनीस, वजनकाटा, खिचडी, लसीचा दिवस, एवढं म्हटलं की अंगणवाडी डोळ्यांपुढे येते. बहुतेकांना वाटतं की ही सरकारची योजना, म्हणजे नावही दिल्लीतच ठरलं असणार. तसं नाही. सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. त्याच्या तीस वर्षं आधी आपल्या डहाणू तालुक्यात, बोर्डीत, खरोखरच्या अंगणात खरोखरची वाडी भरत होती. ती भरवणाऱ्या बाईंचं नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंना शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, आणि त्या होत्याच. पण खेड्यातल्या माणसाने त्यांची आठवण ठेवावी ती दुसऱ्या कारणासाठी. पोर शाळेत का येत नाही, याचं उत्तर त्यांनी पोराकडे मागितलं नाही, आईबापाला दोष देऊनही मिटवलं नाही. त्यांनी ते घरात शोधलं. घरात माणसं किती, कामाला कोण जातं, मागे कोण राहतं, तान्हं कुणाच्या कडेवर असतं, गुरं कोण राखतं, हे बघितलं. आणि मग घर बदला म्हणत बसण्यापेक्षा शाळा बदलली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. त्यांनी विधवेशी लग्न केलं होतं, त्याच उमाबाई म्हणजे ताराबाईंच्या आई. आज हे वाचताना काही वाटत नाही. त्या काळी असं लग्न केलेल्या घराला भावकी पंगतीत घेत नसे, लग्नकार्याला बोलावत नसे. घर म्हणजे फक्त आईबाप आणि पोरं नसतात, घराच्या मानेवर जातीचा, भावकीचा, गावाचा हात असतो, हे असल्या घरातल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

१९१४ ला ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. बाईने पदवी घेणं तेव्हा फार दुर्मिळ होतं. पुढे मोडक नावाच्या वकिलांशी लग्न झालं आणि त्या अमरावतीला गेल्या. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये घटस्फोट झाला. पदरात एक मुलगी. त्या काळात नवऱ्याने टाकलेली बाई हा शब्द होता, पण स्वतः वेगळी झालेली बाई याला शब्दच नव्हता. मोडलेलं घर आतून कसं असतं आणि त्यात पोराचं काय होतं, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

पोटासाठी त्यांनी राजकोट गाठलं. तिथल्या मुलींच्या अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या भारतीय बाई असं सांगितलं जातं. नोकरी मानाची होती, पगाराची होती. पण दोनेक वर्षांत त्यांनी ती सोडली आणि १९२३ ला भावनगरला गेल्या. कारण तिथे गिजुभाई बधेका होते.

गिजुभाईंबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे मूळचे वकील. स्वतःचा मुलगा वाढवताना लहान मुलांच्या शिक्षणाकडे वळले, वकिली सुटली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० ला त्यांनी बालमंदिर काढलं. माणूस भरघोस मिशांचा आणि पोरांवर माया आईची, म्हणून गुजरातेत त्यांना मिशीवाली आई म्हणतात. इटलीच्या मारिया माँटेसरी बाईंची पद्धत त्यांनी इथल्या मातीत लावायला घेतली होती. पद्धत थोडक्यात अशी की मुलाला मारायचं नाही, भीती घालायची नाही, हाताला वस्तू द्यायच्या, मूल हाताळता हाताळता आपलं आपण शिकतं. छडी लागे छमछमच्या जमान्यात हे ऐकून लोक हसत असणार.

ताराबाई आणि गिजुभाईंनी मिळून १९२६ ला नूतन बालशिक्षण संघ उभा केला. शिक्षण पत्रिका चालवली, आईबापांसाठी लिहिलं, शिक्षक तयार केले. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ ला दादरला शिशुविहार सुरू झाला. इथपर्यंतचं काम मोठं आहे, पण ते शहरातलं आहे. बालमंदिरात येणारी पोरं बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरची. माँटेसरीची लाकडी साधनं महागडी. आंघोळ घालून, डबा भरून, बोटाला धरून आणून सोडणारं कुणीतरी घरी असलेली ती मुलं होती. ज्या घरी असं कुणी नसतंच, त्या घरच्या पोराचं काय, हा प्रश्न तिथे येत नव्हता.

तो बोर्डीत आला.

१९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं. या वयात माणूस असलेली संस्था सांभाळत बसतो. त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. बोर्डीत आचार्य भिसे यांच्यामुळे शिक्षणाचं वातावरण आधीपासून होतं. त्याच वर्षी चांदवडला आणि पुण्यात शिक्षिका म्हणून काम केलेल्या अनुताई वाघ तिथे दाखल झाल्या. अनुताई तेराव्या वर्षी विधवा झालेल्या. एक घटस्फोटित आणि एक बालविधवा. ज्यांना समाजाने घर नाकारलं, अशा दोन बायकांनी आपल्या भागातल्या हजारो घरांचा विचार केला.

त्या वर्षाचा डहाणू तालुका कसा होता, हेही लक्षात घ्यायला पाहिजे. वारल्यांच्या डोक्यावर सावकार आणि जमीनदार. वेठबिगारी चालू. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघं जन्मभर मालकाकडे राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरीला किसान सभेची परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारली माणसाला ताठ उभं केलं. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मजुरी द्या, ही मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगडसह पाच जण गेले. ताराबाईंचा रस्ता वेगळा होता, त्या लढ्यात नव्हत्या. पण ज्या घरात दोन्ही माणसं गवतावर जातात त्या घरात तान्ह्याला कोण बघणार, हा प्रश्न मजुरीचाही होता आणि शाळेचाही.

तर बोर्डीत बालवाडी निघाली. गावातल्या बऱ्या घरची पोरं आली. दलित वस्तीतली आली नाहीत, गरीब कष्टकऱ्यांच्या पाड्यांवरची आली नाहीत. दार उघडं होतं, फी नव्हती, तरी नाही. अशा वेळी साधारण काय होतं ते आपण आजही बघतो. हजेरीपटावर गैरहजर लिहायचं आणि वर अहवाल धाडायचा की पालकांमध्ये शिक्षणाविषयी अनास्था आहे. अनास्था हा शब्द सोयीचा आहे. तो लिहिला की पुढे काही करावं लागत नाही.

ताराबाईंनी बाया पाठवल्या वस्तीत. शाळा सुटल्यावर निरोप द्यायला नव्हे, तर शाळा तिथेच भरवायला. कुणाचं तरी अंगण झाडून घ्यायचं, पोरं गोळा करायची. सुरुवातीला पोरं पळून जायची. परकं, पांढऱ्या कपड्यातलं माणूस म्हणजे एकतर वसुलीवाला नाहीतर सुई टोचणारा, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग हळूहळू एक यायचं, दोन यायची. आधी हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं. मग गाणं, खेळ, गोष्ट. आया दारातून बघायच्या. अंगणात भरते ती अंगणवाडी.

यातली खरी गोम अंगणाच्या जागेत आहे. शाळेच्या इमारतीत आई गेली तर पदर सावरून कोपऱ्यात उभी राहते, बाई बोलतील ते ऐकते. तिच्याच अंगणात बाई आली की पाहुणी बाई असते. बसायला गोणपाट आई देते. पाणी द्यायचं की नाही, घेतील की नाही, हा जातीचा प्रश्नही तिथल्या तिथे उघडा पडतो. घर जसं आहे तसं दिसतं, चूल पेटलीय की नाही तेसुद्धा. आणि आईला दिसतं की आपल्या पोराला ही बाई मारत नाही. असा विश्वास पाच पालकसभा घेऊनही येत नाही.

दुसरा अडसर होता साधनांचा. माँटेसरीची पेटी आणायची कुठून? ताराबाईंनी इथे शहरातला आग्रह सोडला. समुद्र जवळ होता, शंखशिंपले फुकट होते. बिया, चिंचोके, पानं, काड्या, गोटे, माती. मोजायला चिंचोके चालतात, लहानमोठं कळायला गोटे चालतात. पोराने जन्मापासून हाताळलेल्या या वस्तू, त्यामुळे त्यांची भीती वाटत नाही. वर तुटल्या तर बाई रागवत नाही, कारण उद्या परत मिळतात.

बोर्डीचं काम पुढे डोंगराकडे सरकलं. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई तेव्हा साठी ओलांडलेल्या. इथे आजूबाजूला वारल्यांचे पाडे. कारवीच्या कुडाची घरं, एकेक पाडा लांब लांब. इथे अंगणवाडीसुद्धा पुरेना. कारण अंगणात शाळा नेली तरी अंगणात पोरगं असायला तर हवं.

वारली घराचं वर्षभराचं गणित इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. पावसाळ्यात राब भाजलेल्या रोपाची आवणी, सगळं घर शेतात. दिवाळीनंतर गवत, लाकूडतोड, मिळेल ती मजुरी. मोठी माणसं पहाटे गेली की घर पोरांच्या हातात. सात-आठ वर्षांची पोरगी म्हणजे त्या घरची दुसरी आई. तान्हं भावंड तिच्या कडेवर, पाणी तिने आणायचं, कोंबड्या तिने बघायच्या. तेवढ्याच वयाचा पोरगा गुरांमागे. बाहेरचा माणूस म्हणेल की बघा, एवढाल्या पोरांना कामाला जुंपलंय. घरच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल की मग तान्ह्याला कोण बघणार, कोल्हा? दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. शाळा मात्र बहुधा पहिल्याचंच ऐकते.

ताराबाई आणि अनुताईंनी दुसऱ्याचं ऐकलं.

गुरांमागच्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच, कुरणात. पिशवीत सामान घेऊन शिक्षक कुरणात जायचा, झाडाखाली पोरं जमायची, एक डोळा गुरांवर, एक पाटीवर. गुरं दुसऱ्याच्या शेतात शिरली की वर्ग उठून धावायचा. कुणी म्हणेल ही कसली शाळा. पण ज्या बापाने पोराला शाळेत धाडलं असतं तर गुरं राखायला गडी ठेवावा लागला असता, त्या बापाला यात काही गमवावं लागत नव्हतं. आसपास झाडं, पाखरं, शेण, किडे, ओहोळ, सगळा निसर्ग विषय उघड्यावर होताच. यातला बराच विषय गुरुजीपेक्षा पोरांनाच जास्त माहीत असणार.

पोरींचा प्रश्न याहून अवघड. गुरं चरतात, त्यांना सोडून चार शब्द गिरवता येतात. तान्हं सोडता येत नाही. ते रडतं, त्याला भूक लागते, शी होते. कडेवर भावंड घेऊन आलेल्या पोरीला बहुतेक शाळा सांगतात की त्याला घरी ठेवून ये. म्हणजे ती परत जाते आणि येतच नाही. कोसबाडला सांगितलं गेलं की त्यालाही घेऊन ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा तिन्ही एकाच आवारात, एकमेकांना लागून. यालाच त्यांनी विकासवाडी म्हटलं. तान्हं पाळण्यात, तीन-चार वर्षांचं बालवाडीत, आणि ताई वर्गात. भाऊ रडला तर ताईला ऐकू येतं, ती उठून जाते, गप्प करते, परत येऊन बसते. घराने तिच्यावर टाकलेली जबाबदारी तिच्याकडून हिसकावून घेतलेली नाही, फक्त तिचं ओझं चार बायांनी वाटून घेतलंय.

हे वाचायला सोपं वाटतं. पण नीट बघा, यात किती जणांचा स्वभाव बदलावा लागतो. मास्तराला वर्गातून मुलगी उठून गेलेली चालवून घ्यावी लागते. आईला आपलं तान्हं परक्या बाईच्या पाळण्यात घालावं लागतं. अधिकाऱ्याला पाळणाघराचा खर्च शिक्षणाच्या खात्यात बसतो का, याचं उत्तर शोधावं लागतं. शेवटचं सगळ्यात कठीण, हे सरकारी कागद हाताळलेल्या कुणालाही पटेल.

ताराबाईंचं सगळंच आंधळेपणाने मान्य करायचं कारण नाही. त्या शहरातल्या, वरच्या जातीच्या, शिकलेल्या. स्वच्छतेवर त्यांचा आणि त्यांच्या माणसांचा फार भर. आपल्या पोराला कुणीतरी बाहेरची बाई येऊन धुऊन काढते, यात आईला कमीपणा वाटला नसेल असं कसं म्हणावं? डोंगरावर उन्हाळ्यात प्यायचं पाणी दोन मैलांवरून डोक्यावर आणणाऱ्या घराला रोजच्या आंघोळीचा धडा देणं अवघडच. भाषेचाही प्रश्न होता. घरी वारली बोली, पुस्तकात पुण्याची मराठी. पोर मुकं बसलं तर त्याला येत नाही असं नसतं, त्याला त्या भाषेत येत नाही असं असतं. हा गुंता आजही पुरता सुटलेला नाही. एक मात्र खरं, वारल्यांना रानटी म्हणून दुरून बघणाऱ्यांच्या जमान्यात ताराबाई टेकडीवर राहायला आल्या. आठवड्यातून एकदा गाडीने येऊन फोटो काढून परत गेल्या नाहीत.

मधल्या काळात १९४६ ते १९५१ त्या मुंबई प्रांताच्या विधानसभेतही होत्या. १९६२ ला पद्मभूषण मिळालं. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. त्यांचं खरं काम टेकडीवर चालू होतं.

त्यांनी पिढीभराच्या बालशिक्षिकाही घडवल्या. प्रशिक्षणात शिकवण्याइतकाच भर घरी जाण्यावर. सेविका गावातली असावी, त्या घरांची सुखदुःखं जाणणारी असावी, हे आज अंगणवाडीच्या भरतीत स्थानिक रहिवासी अशी अट बनून राहिलंय. अट राहिली, पण घरी जाऊन बसायला वेळ राहिला नाही. आजची सेविका सकाळपासून पोषण ट्रॅकरवर नोंदी भरत असते, रेंज नसली तर टेकाडावर चढून भरते. घरभेट होते, पण ती भेट झाल्याची नोंद करण्यापुरती. यात सेविकेला बोल लावून उपयोग नाही, तिच्यावर कामं किती लादली आहेत ते गावाला दिसतं.

आणि दिवाळी झाली की मोखाडा, जव्हार, विक्रमगडकडची बिऱ्हाडं वीटभट्टीला निघतात. टेम्पोत भांडी, कोंबड्या, म्हातारी आणि पोरं. पोराचं नाव गावच्या अंगणवाडीत, पोर भिवंडी-वसईकडच्या भट्टीवर. तिथे सात वर्षांची ताई परत कडेवर तान्हं घेऊन उभी. भट्टीवरच्या मुलांसाठी काही ठिकाणी वर्ग चालतात, काही ठिकाणी नाहीत. कुरणात शाळा नेता येत असेल तर भट्टीवर न्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या गावातून किती पोरं गेली, ती जिथे गेली तिथल्या अंगणवाडीत त्यांना खाऊ मिळतो का, एवढी यादी तरी निघण्याआधी करता येते. सेविकेला ती घरं तोंडपाठ असतात.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ ला गेल्या. सरकारी अंगणवाडी सुरू व्हायला तेव्हा दोन वर्षं बाकी होती, म्हणजे बोर्डीच्या अंगणातलं नाव देशभर लागलेलं त्यांना बघायला मिळालं नाही. त्यांच्यामागे कोसबाडचं काम अनुताईंनी ओढलं. त्यांना १९८५ ला पद्मश्री मिळाली. मोतीबिंदू, म्हातारपण, पैशाची ओढाताण, काही असलं तरी त्यांनी टेकडी सोडली नाही. १९९२ च्या सप्टेंबरात त्या गेल्या, तोवर बोर्डीला आल्याला सत्तेचाळीस वर्षं झाली होती.